पुनाखा जोंग (भूतान): गड म्हणून कसा वाचायचा, मठ म्हणून कसा पाहायचा

गडवाट:
भूतानच्या सहलीच्या बहुतेक आराखड्यांत पारोचा ताक्त्सांग मठ आणि थिंफू ठळक अक्षरांत असतात, आणि पुनाखा 'जमलं तर अर्धा दिवस' म्हणून कडेला. सह्याद्रीतले गड पाहून ज्यांचा डोळा तयार झालाय त्यांनी तरी हे उलटं करावं, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

आधी उच्चार. 'जोंग' मधला ज आपल्या 'जोडा' मधला, 'जीवन' मधला नव्हे. मराठी माणसाला हा उच्चार आयताच येतो.

जोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी या तिन्ही गोष्टी एकाच भिंतीत. झाब्द्रुंग न्गावांग नामग्याल यांनी पश्चिम भूतान एकत्र आणताना १६२९ मध्ये सिमतोखा बांधला आणि १६३७-३८ मध्ये पुनाखा. धर्माचा प्रमुख जे खेन्पो, कारभाराचा प्रमुख देसी, अशी दुहेरी व्यवस्था त्यांनी घालून दिली आणि इमारतीची रचनाही तशीच केली. गावोगावचा जोंगपोन म्हणजे थेट आपला किल्लेदार. सारा धान्यात यायचा तेव्हा कोठारही इथेच, म्हणजे अंबारखाना आलाच. आजही पुनाखा जिल्ह्याची कचेरी याच वास्तूत आहे.

जागा बघा. पूर्वेला फो छू, पश्चिमेला मो छू, दक्षिणेच्या टोकाला त्यांचा संगम. (संगमानंतरची नदी पुढे भारतात संकोश म्हणून उतरते आणि ब्रह्मपुत्रेला मिळते.) तीन बाजू पाण्याने राखलेल्या, म्हणजे शत्रूला वाट उरते ती उत्तरेकडून किंवा पुलावरून. उंची जेमतेम १,२०० मीटर. 'हिमालयातला किल्ला' म्हटल्यावर कड्यावरचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, पण हा जलदुर्गाच्या विचाराने बांधलेला आहे.

लांबी १८० मीटर, रुंदी ७२ मीटर. आता तटबंदी शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण वेगळा तट नाहीच. खोल्यांची बाहेरची भिंत हाच तट. ही भिंत तळाशी जाड आणि वर जाताना आत कललेली. खालच्या भागात जेमतेम फटी, वरच्या मजल्यांवर मात्र रंगीत लाकडी सज्जे. आत आलं की दगडी फरसबंदीचा चौक आणि चहूबाजूंनी त्यावर नजर ठेवणारे सोपे. म्हणजे रचना गडापेक्षा चौसोपी वाड्याच्या जवळची आहे, फक्त एकापुढे एक तीन चौक. बहुतेक जोंगांना दोनच असतात, तिसरा हे पुनाखाचं वैशिष्ट्य.

पहिला, उत्तरेचा चौक कारभाराचा: पांढरा मोठा छोर्तेन (स्तूप) आणि बोधिवृक्ष इथेच. पहिल्या आणि दुसऱ्या चौकाच्या मध्ये उभा आहे तो 'उत्से', सहा मजली मधला बुरूज. हा इथला बालेकिल्ला, फक्त त्यात गडकऱ्याचा वाडा नाही, देवळं आहेत. दुसरा चौक भिक्षूंच्या राहण्याचा. तिसऱ्यात माचेय ल्हाखांग हे देऊळ, जिथे झाब्द्रुंगांचा देह जपला आहे, आणि अगदी दक्षिणेला कुनरे, म्हणजे शंभर खांबी सभागृह. नाव शंभर खांबी असलं तरी खांब ५४ आहेत, मोजत बसू नका.

बहुतेक गट दारातून थेट कुनरेकडे पळतात आणि पाऊण तासात बाहेर पडतात. तसं करू नका. पहिला अर्धा तास बाहेरून भिंत पाहा, पूल पाहा, जिना पाहा. मग पहिल्या चौकात उत्सेकडे तोंड करून उभं राहा. आपण कारभाराच्या बाजूला आहोत आणि पलीकडे मठ आहे, हे पायांखाली कळलं की आतली प्रत्येक गोष्ट जागेवर बसते.

रानजाई:
छान धागा. दोन प्रश्न. ज्येष्ठांना जमेल का? आणि कागदपत्रं नक्की काय लागतात? आधारवरून प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सह्यवारा:
आधार चालत नाही, हे आधी पक्कं करा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परवाना लागतो, आणि तो पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावरच मिळतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. १८ वर्षांखालील मुलांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, तोही इंग्रजीत. आपल्याकडचे जुने दाखले कधीकधी नुसते मराठीत असतात आणि गाडी इथेच अडते. नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवी प्रत निघण्यापूर्वीच काढून ठेवा.

शाश्वत विकास शुल्क भारतीयांना दर रात्री माणशी १,२०० न्गुलत्रुम, म्हणजे तितकेच रुपये, कारण दोन्ही चलनं एकास एक बांधलेली आहेत. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. चौघांच्या कुटुंबाला पाच रात्रींचा हा आकडा मोठा होतो, तेव्हा हॉटेलच्या आधी हा हिशेब करा. जोंगचं प्रवेश तिकीट वेगळं.

रस्त्याने जायचं तर मुंबई-पुण्याहून बागडोगरापर्यंत विमान, पुढे जयगाव-फुनछोलिंग (सीमेवरची जोडगावं, पहिलं भारतात, दुसरं भूतानात) साधारण चार तास. रेल्वेने न्यू जलपायगुडीहून डुआर्सच्या मार्गावर हासीमारा हे सीमेजवळचं स्टेशन. फुनछोलिंग ते थिंफू पाच-सहा तास धरा आणि एक मुक्काम थिंफूत कराच. थिंफू ते पुनाखा अडीच-तीन तास. वाटेत होंगछोला चौकी आहे. परवान्याची कागदी प्रत हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

आता या रस्त्यावर हमखास काय बिघडतं ते. थिंफू २,३०० मीटरच्या वर, तिथून दोचुला खिंड ३,१०० मीटर आणि मग थेट १,२०० पर्यंत उतार, सगळा वळणावळणांचा. दम लागण्याचा त्रास फारसा होत नाही, पण पोट ढवळतं आणि कान बंद होतात. पोटभर नाश्ता करून निघू नका. गोळी घेणार असाल तर गाडी सुरू होण्याआधी अर्धा तास घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. कपड्यांचंही तसंच: दोचुलाला जाकीट, पुनाखात उतरल्यावर घाम. जोंगमध्ये पूर्ण बाह्या आणि पूर्ण लांबीची पँट लागते, म्हणून आत पातळ सुती शर्ट घाला. टी-शर्टवर जाकीट चढवून वेळ मारून नेली तर चौकात उकडून निघाल.

ज्येष्ठांचं: पूल सपाट आहे, चौकही सपाट. अडचण एकच, दारातला लाकडी जिना. फार उभा, पायरी अरुंद. उतरताना तोंड जिन्याकडे करून कठडा धरून उतरायला सांगा.

गडवाट:
त्या जिन्याबद्दल सांगायचं राहिलंच होतं. तो उभा आहे तो मुद्दाम. दगडी पायऱ्या बांधता आल्या नसत्या असं नाही. लाकडी जिना वेळ पडली तर वर ओढून घेता यावा, म्हणून तो तसा. वरचा जाड लाकडी दरवाजा आजही रात्री बंद होतो. आपल्याकडे गोमुखी दरवाजाने जे काम साधलं, शत्रूचा वेग मोडणं आणि त्याला एकेकटा पाडणं, तेच इथे एका जिन्याने साधलंय.

सुतारपक्षी:
पुलावर थोडं विस्ताराने लिहितो, कारण लोक त्यावर उभं राहून फोटो काढतात आणि खाली वाकून कुणी बघत नाही.

याचं नाव बाझाम. मूळ पूल १७व्या शतकातला, १९५० च्या दशकाच्या शेवटी पुराने नेला. आजचा २००८ मध्ये पुन्हा उभा केला, ५५ मीटरचा गाळा, आणि नदीत एकही खांब नाही. खांब न घालण्याचं कारण मो छू स्वतःच आहे. हिमनद्यांचं पाणी पुरात दगडगोटे लोटत आणतं आणि पात्रातला खांब तेच ठोकून पाडतात.

मग पूल उभा कसा? दोन्ही काठांवर दगडी मनोरे आहेत ना, ते शोभेचे नाहीत. प्रत्येक मनोऱ्यातून लाकडी तुळयांचा एक थर नदीकडे थोडा बाहेर काढतात. त्यावर दुसरा थर, जरा जास्त बाहेर. मग तिसरा. तुळईची शेपटी मनोऱ्यात गाडलेली असते आणि वरच्या बांधकामाचं वजन तिला दाबून धरतं, म्हणून पुढचं टोक खाली झुकत नाही. दोन्ही बाजूंचे थर एकमेकांच्या पुरेसे जवळ आले की मधल्या अंतरावर लांब तुळया टाकल्या, झाला पूल. काठावर थांबून जरा खालून पाहिलं तर हे थर पायऱ्या उलट्या लावल्यासारखे स्पष्ट दिसतात. मनोऱ्यांचा दुसरा उपयोग पहाऱ्याचा: पूल हाच महादरवाजा.

आतलं लाकूडकाम पाहताना खिळा शोधा. परंपरागत कामात लोखंडी खिळा नाही, सगळं कूस आणि खाच (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत), आणि कागदावर काढलेला नकाशाही नाही. मुख्य कारागीर झोवे बालेप यांना स्वप्नात गुरू रिन्पोछे, म्हणजे पद्मसंभव, यांचा स्वर्गातला महाल दिसला आणि त्यावरून जोंग उभा राहिला, अशी परंपरागत कथा आहे. भिंतीच्या वरच्या भागातला तो तांबडा पट्टा म्हणजे 'खेमार', ही धार्मिक वास्तू असल्याची खूण. साध्या घराला तो नसतो.

या बांधणीचा शत्रू एकच, आग. दगडी भिंतीत आत सगळं लाकूड, त्यात लोण्याचे दिवे. पुनाखा १८व्या-१९व्या शतकात अनेकदा जळला, १८९७ च्या भूकंपाने हादरला, १९८६ मध्ये पुन्हा आग लागली. जवळचा वांगदी फोड्रांग २४ जून २०१२ ला जळून गेला. दुरुस्तीचं काम चालू असल्याने मौल्यवान वस्तू आधीच हलवलेल्या होत्या, म्हणून वाचल्या. भारताच्या मदतीने तो पुन्हा बांधला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. पुनाखाहून तासाभराच्या आत आहे. जुन्या पद्धतीचं ताजं लाकूडकाम बघायचं असेल तर जरूर जा.

शेवंती:
आत काय बघायचं याबद्दल कुणी सविस्तर लिहील का? आम्ही बौद्ध कुटुंब आहोत. तिथे आपली बुद्धवंदना म्हटली तर चालेल का?

पिंपळपान:
चालेल, मनातल्या मनात किंवा पुटपुटत. मोठ्याने सामूहिक मात्र नको, कारण आत भिक्षूंचे पाठ चालू असू शकतात. तिथली परंपरा वज्रयान, द्रुक्पा काग्यु शाखा, आणि ग्रंथ पालीत नाहीत, तिबेटी वळणाच्या छोएकेत आहेत. त्यामुळे शब्द ओळखीचे वाटणार नाहीत. कुनरेत समोर तीन मोठ्या मूर्ती आहेत: शाक्यमुनी बुद्ध, गुरू रिन्पोछे आणि झाब्द्रुंग. भिंतींवर बुद्धचरित्र रंगवलंय. जन्म, गृहत्याग, मारविजय, महापरिनिर्वाण हे प्रसंग कुणी न सांगताही ओळखता येतात.

वंदनाची तिथली रीत तीन वेळा. जोडलेले हात डोक्याला, कंठाला आणि हृदयाला लावायचे, म्हणजे काया, वाचा, मन, आणि मग गुडघे, हात व कपाळ जमिनीला टेकवायचं. आपला पंचांग प्रणाम येत असेल तर वेगळं काही शिकावं लागत नाही. भिक्षू तळहातावर केशराचं पाणी देतात. उजवा हात वर, डावा खाली, एक घोट घ्यायचा आणि उरलेला ओला हात डोक्यावरून मागे फिरवायचा. आपलं तीर्थ घेतो तसंच. नोट ठेवायची असेल तर वेदीवर ठेवा, नाणी फेकू नका.

आता दाराजवळची चित्रं, जी सगळे ओलांडून जातात. प्रवेशाशी चार दिक्पाल असतात, हातातल्या वस्तूंवरून ओळखायचे:
पूर्वेचा धृतराष्ट्र, गोरा, हातात वीणेसारखं वाद्य.
दक्षिणेचा विरूढक, निळा, हातात तलवार.
पश्चिमेचा विरूपाक्ष, तांबडा, हातात साप आणि छोटा स्तूप.
उत्तरेचा वैश्रवण, पिवळा, एका हातात ध्वज आणि दुसऱ्यात रत्नं ओकणारं मुंगूस. हाच आपला कुबेर.

दुसरं म्हणजे भवचक्र. भूतानमध्ये मठांच्या ओसरीत ते हमखास असतं. यमाने दातांत-नखांत धरलेलं चाक. मधोमध डुक्कर, साप आणि कोंबडा: मोह, द्वेष, लोभ. बाहेरच्या कडेला बारा चौकटी, म्हणजे प्रतीत्यसमुत्पादाच्या (एकातून दुसरं उपजण्याच्या साखळीच्या) बारा कड्या. आंधळा म्हणजे अविद्या, मडकी घडवणारा कुंभार म्हणजे संस्कार, माकड म्हणजे विज्ञान (इथे अर्थ जाणीव), सहा खिडक्यांचं घर म्हणजे षडायतन (सहा इंद्रियं). हे पाहिलं की थेट आपलं अजिंठा आठवतं. तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत डाव्या बाजूला भवचक्राचाच मोठा भग्न तुकडा आहे. भूतानला जाण्यापूर्वी तो एकदा पाहून या. तिथे जे झिजून गेलंय ते इकडे पूर्ण रंगात भेटतं.

माचेय ल्हाखांगमध्ये पर्यटकांना प्रवेश नाही. तिथे राजे, जे खेन्पो आणि सेवेतले लामा एवढेच जातात. झाब्द्रुंग १६५१ मध्ये याच जोंगमध्ये एकांतवासात गेले आणि वारले, पण ही गोष्ट पन्नासहून अधिक वर्षं गुप्त ठेवली गेली. राज्य टिकावं म्हणून. बाहेरूनच हात जोडा.

फोटो चौकात काढता येतात, देवळांच्या आत नाहीत. टोपी आणि गॉगल दारातच काढा. मूर्तीकडे बोट न दाखवता उघडा तळहात करा. बूट बाहेर काढावे लागतात आणि फळ्या गार असतात, जाड मोजे न्या.

रानजाई:
धन्यवाद, खूपच उपयोगी. नदीबद्दल भीती वाटते. पुराचा धोका आजही आहे का?

हिमरेषा:
आहे, आणि तो पावसाच्या पुराइतकाच हिमसरोवर फुटण्याचा आहे. ७ ऑक्टोबर १९९४ ला वर लुनानामधलं लुग्ये छो सरोवर फुटलं. हिमनदी मागे हटली की तिने आणलेल्या दगडमातीचा ढिगारा राहतो आणि वितळलेलं पाणी त्यामागे साठतं. तो बांध नैसर्गिक, सैल, कधीकधी आत बर्फ असलेला. पाण्याचा दाब वाढला की एकदम खचतो. लोंढा फो छूतून पुनाखापर्यंत आला, वीसहून अधिक माणसं गेली, आणि मुख्य जोंगच्या शेजारच्या जोंगछुंग या छोट्या जुन्या वास्तूचं नुकसान झालं. महिना ऑक्टोबरचा होता हे लक्षात घ्या, म्हणजे पाऊस नसला की धोका नाही, हा हिशेब चुकीचा.

त्यानंतर बरंच काम झालं. शेजारच्या थोर्थोर्मी सरोवराची पातळी २००८ ते २०१२ या काळात पाच मीटरने उतरवली. इतक्या उंचावर यंत्रं नेता येत नव्हती, म्हणून शेकडो माणसांनी गारठवणाऱ्या पाण्यात उभं राहून पहार-फावड्याने चर खणला. नदीकाठी इशाऱ्याचे भोंगे बसवले आहेत. भोंगा वाजला तर काठावर लावलेल्या गाडीकडे धावायचं नाही, सरळ चढाच्या बाजूला वर जायचं. मुलांना वाळूच्या पट्ट्यावर खेळायला सोडू नका. पाणी शांत आणि निळं दिसतं, पण खालून ओढ जबर असते.

मोरपंखी:
कोणत्या महिन्यात जावं? उत्सवात जाणं योग्य की गर्दी टाळावी?

पिंपळपान:
दोन्हींची मजा वेगळी आहे. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल-मे केंद्रीय भिक्षुसंघ आणि जे खेन्पो थिंफूहून इथे मुक्कामाला असतात. पुनाखा उबदार म्हणून ही हिवाळी गादी. तेव्हा जोंग जिवंत असतो, चौकात भिक्षूंची ये-जा, शिंगं, ढोल. पण पूजा चालू असली की काही दालनं बंद राहतात. वास्तूच नीट बघायची असेल तर ऑक्टोबर, किंवा संघ परत गेल्यावर.

फेब्रुवारी-मार्चमध्ये भूतानी पहिल्या महिन्यात आधी द्रुबछेन आणि लगेच छेचू, हे दोन धार्मिक उत्सव. तारखा तिथीवर ठरतात, दर वर्षी बदलतात. पुनाखाच्या द्रुबछेनचं रूप वेगळंच आहे. तिबेटी सैन्य रांगजुंग खारसापाणी ही पवित्र मूर्ती मागायला चालून आलं, तेव्हा झाब्द्रुंगांनी ती नदीत टाकल्याचा देखावा केला, अशी आठवण सांगतात. आजही मिरवणूक नदीवर जाते, जे खेन्पो पाण्यात संत्री टाकतात, आणि जुन्या शिलेदारांच्या वेशातले पाझाप जोंगच्या जिन्यावरून आरोळ्या देत उतरतात. छेचूच्या शेवटच्या दिवशी भिंतीवर थोंगद्रोल, म्हणजे कापडी तुकड्यांचं प्रचंड चित्र उलगडतात आणि ऊन लागण्याआधी गुंडाळतात. तो पाहायचा तर पहाटे अंधारात पोहोचा, आठ वाजता गेलात तर रिकामी भिंत दिसेल. त्या दिवसांत राहायच्या खोल्या काही महिने आधी धराव्या लागतात.

वसंतात जोंगबाहेरचा जॅकरँडा जांभळा होतो. नुसत्या त्याच्यासाठी कुणी गेलं तरी माझी हरकत नाही.

गडवाट:
इतिहासाची दोन-तीन पानं जोडतो, म्हणजे पहिल्या चौकात उभं राहिल्यावर आठवतील. १७ डिसेंबर १९०७ ला उग्येन वांगचुक यांना इथेच पहिला राजा म्हणून निवडलं आणि राज्याभिषेक झाला. १९१० चा ब्रिटिशांशी झालेला पुनाखा तह इथलाच. पहिली राष्ट्रीय सभा १९५३ मध्ये इथे बसली आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत राजधानीही हीच होती. १३ ऑक्टोबर २०११ ला आजच्या राजांचं लग्न याच वास्तूत लागलं. राजधानी गेली तरी मान गेला नाही, हे रायगडाबद्दल आपण जे मानतो त्याच्या फार जवळ आहे.

मोरपंखी:
आणि फोटो? तो नेहमीचा, दोन नद्यांमधला, कुठून निघतो?

सह्यवारा:
खुरुथांग या जवळच्या गावाकडून येणारा रस्ता मो छूच्या पश्चिम काठाने येतो, संगमाच्या समोर थांबायला जागा आहे. सकाळी सूर्य जोंगच्या मागून येतो, भिंत काळवंडते. दुपारनंतर पश्चिमेची बाजू उजळते, तेव्हा काढा. म्हणून क्रम असा लावा: थिंफूहून सकाळी लवकर, दोचुलाला शिखरं मोकळी असताना थोडा वेळ, जेवणाआधी जोंगचा आतला भाग, आणि बाहेरचा फोटो उतरत्या उन्हात.

जोंगच्या मागे फो छूवरचा लांब झुलता पूल आहे, चालत पंधरा-वीस मिनिटं. दुपारी या खोऱ्यात जोराचा वारा सुटतो आणि पूल हलतो, ज्यांना भोवळ येते त्यांनी सकाळीच जावं. वाटेत स्मशानभूमी लागते, तिथे कॅमेरा खाली ठेवा.

आणि घड्याळ. भूतान आपल्या अर्धा तास पुढे आहे. सीमेजवळ फोन भारतीय टॉवर पकडून भारतीय वेळ दाखवत राहतो, आणि दार बंद होण्याची वेळ त्यावरून मोजणारे बाझामवरूनच परत फिरतात. फुनछोलिंगला शिरताच घड्याळ हाताने लावून घ्या.